वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग: ‘नवीन’ कोळ्याची शहानिशा इथे करा

पालापाचोळा चाळताना मिळालेला कोळी कुठल्याच चित्राशी जुळेना, की लगेच नवीन प्रजातीची स्वप्नं पडायला लागतात. पडू द्यावीत. पण नाव ठरवायच्या आधी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग उघडावा. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाची, जगभरच्या कोळ्यांच्या नावांची ही साइट फुकट आहे, आणि कोळ्यांवर काम करणाऱ्याला मायक्रोस्कोपच्या खालोखाल हीच लागते, असं माझं मत.

फोटो बघून कोळी ओळखायचा असेल तर इथे फिरकू नका. ‘पाठीवर पिवळे ठिपके’ टाकून उत्तर मिळत नाही, आणि ते बरंच आहे. अल्कोहोलमध्ये रंग उडतो. प्रजाती ठरते ती नराच्या पेडिपाल्पच्या (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या) टोकावरचा, वीर्य पोचवणारा बल्ब आणि मादीच्या पोटाखालचं एपिगाइन, म्हणजे जननेंद्रियाचा बाहेरचा कडक भाग, बघून. पिल्लू हाती आलं तर बहुतेक वेळा हात चोळत बसायचं. साइटवर मिळतं ते प्रत्येक प्रजातीचं ग्राह्य नाव, रद्द झालेली जुनी नावं, आढळ, आणि आजवर कोणी कुठल्या पानावर तिची चित्रं दिली त्याची यादी. खातं उघडलं की पेपरांच्या पीडीएफही उतरवता येतात. शंभर वर्षांपूर्वीचं जर्मन वर्णन बसल्या जागी समोर येतं. जर्मन मात्र ज्याचं त्याने लावायचं!

मला सगळ्यात कामाची वाटते ती नावापुढची बारीकशी खूण: नर माहीत आहे, मादी माहीत आहे, की दोन्ही. उष्णकटिबंधीय जंगलांतल्या कितीतरी प्रजाती एकट्या नरावरून नाहीतर एकट्या मादीवरून वर्णिलेल्या आहेत. समजा तुमच्याकडे नर आहे, एम्बोलस (बल्बचं टोक, ज्यातून वीर्य मादीत जातं) लांबलचक, बल्बभोवती वेढा घातलेला, माहीत असलेल्या एकाही नराशी न जुळणारा. आणि त्याच जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात), त्याच भागातून, एक प्रजाती नुसत्या मादीवरून नोंदलेली आहे. मग थांबा. तिच्या एपिगाइनच्या आतल्या नळ्यांचं चित्र काढून बघा. एम्बोलस लांब असेल तर त्या नळ्याही बहुधा लांब, वेटोळ्या असतात. तसं दिसलं तर तुमची ‘नवीन’ प्रजाती म्हणजे त्या बाईंचा इतकी वर्षं बेपत्ता असलेला नवरा असू शकतो. पक्कं करायला जोडीने सापडलेले नमुने किंवा डीएनए हवा. हे न बघता नाव दिलंत, तर पुढचा कोणीतरी ते सिनोनिम, म्हणजे त्याच प्रजातीचं दुसरं, फालतू नाव ठरवणार, आणि रद्द नावांच्या यादीत ते तुमच्या आडनावासकट कायम दिसत राहणार.

अमेरिकन कोळीतज्ज्ञ नॉर्मन प्लाटनिक यांनी 2000 मध्ये हा कॅटलॉग नेटवर आणला, 2014 पासून तो बर्नकडे आहे. एप्रिल 2022 मध्ये प्रजातींचा आकडा 50,000 वर पोचला, गुरिउरिअस मिनुआनो या दक्षिण अमेरिकेतल्या उड्या मारणाऱ्या कोळ्यामुळे. नोंदी सुरू होतात 1757 पासून, स्वीडनच्या कार्ल क्लेर्कच्या कामापासून. बाकी प्राण्यांच्या नावांचा हिशोब लिनीअसच्या 1758 पासून. कोळ्यांना तेवढी खास सवलत. (मला याचा उगाच अभिमान वाटतो.)

निकाल मात्र साइटकडे मागू नये. जुन्या लेखकाने चित्र ढोबळ काढलं असेल तर पीडीएफमध्येही ते ढोबळच दिसणार. तिथे संग्रहालयातला होलोटाइप, म्हणजे ज्यावरून नाव दिलं तो मूळ नमुना, बघण्याला पर्याय नाही. पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी वेगळी करावी लागते, तीही प्रसिद्ध होण्याआधी. आणि छापून आला की पीडीएफ कॅटलॉगवाल्यांना आठवणीने पाठवा.