बारा फुटी अ‍ॅल्युमिनियम बोट, गळकी रिपिटं आणि पीयू सीलंट : दहा महिन्यांनंतर

परवा काठावर ओळखीचा एक पोरगा गळती बुजवायला सिलिकॉनच्या दोन ट्यूब घेऊन बोटीपाशी बसलेला दिसला. हात धरून थांबवलं त्याला. घरी आल्यावर वाटलं, हे सगळ्यांसाठीच लिहून ठेवावं. मागच्या मे महिन्यापासून या एका कामात माझे ३,७०० रुपये गेलेत आणि त्यातले निम्मे सहज वाचले असते.

बोट जुनी, रिपिटांच्या जोडाची. रिपीट म्हणजे रिव्हेट, दोन पत्रे जोडणारी धातूची खिळी. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेव गावाच्या अंगाला असते. जाळी टाकायला लागते, हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. रात्रभर पाण्यात उभी राहिली की सकाळी अकरा डबे पाणी उपसावं लागायचं. डबा म्हणजे पाच लिटरचा तेलाचा कॅन कापून केलेला.

आधी आर्गनवाल्याकडे, म्हणजे आर्गन गॅसवर अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्याकडे नेली, तिथेच चुकलं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजार अंशांच्या पुढे जावं लागतं. पत्रा पातळ, त्यात जोडाच्या पोटात वर्षानुवर्षांचा गाळ आणि तेल. आच लागली की ते सगळं उकळून वर येतं आणि टाक्याला बारीक छिद्रं पडतात. वर आजूबाजूची तीन रिपिटं ढिली झाली ती वेगळीच. "जुना पत्रा आहे, गॅरंटी नाही," हे त्याने पैसे घेतल्यावर सांगितलं. १,२०० दिले होते, तासभर भांडलो तेव्हा ३०० परत मिळाले.

मग स्वतःच हात घातला. बोट दोन टायरांवर ठेवली, आत चार बोटं पाणी भरलं आणि खाली आडवा होऊन जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल केला. चार बोटांच्या वर भरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो आणि टायरांवर तेवढं वजन तळाला सोसत नाही. एकूण २३ गोल निघाले. सिलिकॉन घेतलं नाही, कारण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला खातं आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीच धरत नाही. पीयू सीलंट, म्हणजे फटी बुजवायचं पॉलियुरेथेनचं लुकण, आणलं. पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून, आतून प्रत्येक रिपिटावर बोटाने दाबून बसवलं.

आता ट्यूबबद्दल. ३१० मिलीची ट्यूब, ३९० रुपये. २३ रिपिटांना लागलं फार तर ५० मिली. बाकीचं नऊ दिवसांत ट्यूबमध्येच रबर झालं. पीयू हवेतल्या ओलीने पिकतं, त्यामुळे एकदा टोक कापलं की ते थांबत नाही. टोकात खिळा घातला, वर टेप गुंडाळली, प्लास्टिकच्या दोन पिशव्या बांधल्या, तरी दुसरी ट्यूबही तशीच गेली. एवढं चांगलं सामान विकणाऱ्यांनी ५० मिलीची नळी का काढू नये? दात घासायची पेस्ट छोट्या नळीत मिळते, हे का मिळू नये? गरीब माणसाच्या बोटीला चमचाभर लागतं आणि त्याला पावशेरभराचे पैसे मोजावे लागतात. मला याचा आजही राग आहे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या उन्हाची. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत हवा इतकी कोरडी असते की सीलंट वरून सुकल्यासारखं दिसतं, आत कच्चंच राहतं. मी संध्याकाळी लावलं, जवळ ओलं पोतं टांगलं आणि पाच दिवस बोट सावलीत ठेवली. सावली यासाठी, की पहाटेच्या आणि दुपारच्या पत्र्यात ३५ अंशांचा फरक धरला तर बारा फुटांची बोट तीनेक मिलिमीटर लांबते आणि कच्चा जोड ताणला जातो.

जूनमध्ये बोट पाण्यात सोडली. सकाळी दोन डबे. जुलैत धरणाचे दरवाजे उघडले, तापी-पूर्णेचं लाल पाणी आलं आणि ऑगस्टमध्ये बोट कोरडी ठाक. मी चार जणांना सांगितलं, पीयू लावा, बाकी काही करू नका.

ते मी चुकीचं सांगितलं होतं. नोव्हेंबरात पाणी निवळलं आणि परत सहा डबे. बोट वर काढून जोडात सुई फिरवली, तर पिठासारखा मऊ गाळ निघाला. पावसाळाभर गाळानेच भोकं बुजवली होती, आणि मी श्रेय सीलंटला देत होतो.

तेव्हा गावातले तांबट नाना आले. त्यांनी एकेका रिपिटावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, कढईचा कान ढिला झाला तर त्याला डिंक लावशील का?"

बोट कुशीवर घेतली. मी बाहेरून रिपिटाच्या डोक्यावर मासळी तोलायच्या काट्याचं पाच किलोचं वजन घट्ट दाबून धरलं आणि नानांनी आतून रिपिटाच्या शेपटावर लहान हातोडीने हलके हलके ठोकलं. ढिलं रिपीट "थप" असं बोलतं. सात-आठ ठोक्यांनी आवाज बदलतो, "टण" येतो. आला की हात थांबवायचा. जास्त ठोकलं तर शेजारचं ढिलं होतं. २३ पैकी १९ रिपिटं अशीच बसली, नवं काहीही न लावता.

चारांची भोकं मोठी झाली होती. तिथे ड्रिलने जुनं काढून भरीव ५ मिलिमीटर जाडीचं नवं बसवलं, दांड्याला सीलंट चोपडून. पत्र्याच्या बाहेर दांडा स्वतःच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे साडेसात मिलिमीटर, राहिला पाहिजे, तेवढ्यातच शेपूट नीट बसतं. रिपीट अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या. लोखंडी घेतलं तर पाण्यात दोन धातूंच्या संगतीने भोवतालचा पत्रा पांढरा होऊन झडतो. मे महिन्यात मी दोन ठिकाणी साधे पॉप रिपीट, म्हणजे एकाच बाजूने मारायचे पोकळ रिपीट, मारले होते. पत्रा घट्ट बसला, पण पाणी रिपिटाच्या पोटातल्या भोकातूनच येत राहिलं. हात पोचत नसेल तिथे बंद तोंडाचे पॉप रिपीट मागून घ्या.

म्हणून माझं मत आता असं आहे : पीयू चांगलंच, पण ठोकून झाल्यावर. नानांची मजुरी आणि रिपिटं मिळून १,२०० झाले आणि खरं काम तेवढ्यातच झालं.

तिसरी ट्यूब आम्ही चार बोटवाल्यांनी मिळून घेतली. चौघांच्या बोटी एकाच सकाळी काठावर ओढल्या, दहा वाजता टोक कापलं आणि बारा वाजेपर्यंत ट्यूब रिकामी. माणशी साडेसत्त्याण्णव रुपये.

आज सकाळी बोटीत दीड मग पाणी होतं. ते मागच्या बाकाखालच्या एका रिपिटातून येतं, तिथे वजन धरायला जागा नाही. मे महिन्यात बाक काढणार आहे, नानांना आत्ताच सांगून ठेवलंय.