लाइन चांगली, तक्रार करायची वेळ येईपर्यंत

डोंबिवली पूर्वेला राहतो. गेल्या दिवाळीनंतर घरी फायबर घेतलं, १०० एमबीपीएसचा सहा महिन्यांचा प्लॅन. ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ७०७ रुपये पडतात, राउटरचं डिपॉझिट वेगळं. मे महिन्यात एकदा रिन्यूही केला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांत विचारलं तर वेगवेगळ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं तक्रार केली की हाल होतात हेच रडगाणं गातात.

आधी चांगलं सांगतो. लॅपटॉपला लॅन केबल लावली तर स्पीड नव्वदच्या पुढे मिळतो, अपलोडही जवळपास तेवढाच. वायफायवर मागच्या बेडरूममध्ये पंचवीस-तीसवर येतो, पण तो दोष फुकटात दिलेल्या सिंगल बँड राउटरचा आणि मधल्या दोन भिंतींचा. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर राउटर चालू असेल तर नेट चालतं. आधीच्या केबलवाल्याचा स्विच गच्चीवरच्या डब्यात होता, महावितरणने डोळे मिटले की नेटही झोपायचं. इथे एक्स्चेंजपासून घरापर्यंत मध्ये वीज लागणारं काही नाही, एका वायरीतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा मधला स्प्लिटरसुद्धा विजेशिवाय चालतो. त्यामुळे मे महिन्यापर्यंत मी चार जणांना हेच कनेक्शन घ्या म्हणून सांगत होतो.

जून लागला, पाऊस सुरू झाला आणि राउटरवर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) लाल दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा लाल म्हणजे राउटरपर्यंत प्रकाशच पोचत नाही. त्यावर राउटर बंद-चालू करून काही होत नसतं. पण कस्टमर केअरला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं, राउटर बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा. मराठीसाठीचा आकडा दाबूनसुद्धा पलीकडून हिंदीच. लाल दिवा आहे असं सांगितलं तरी त्यांच्या स्क्रीनवरच्या पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय तक्रार नोंदवली जात नाही. असो, ती मुलं पगारी आहेत, त्यांच्यावर काय चिडायचं.

खरा ताप पुढे. तक्रार नोंदवली, मेसेज आला, चोवीस तासांत काम होईल. दुसऱ्या दिवशी एक रिंग वाजून कट झालेला मिस्ड कॉल, आणि पाच मिनिटांत मेसेज: ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार बंद केली आहे. मी घरातच बसलेलो, वर्क फ्रॉम होम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ढकलत. पुन्हा फोन, पुन्हा राउटर बंद-चालू, पुन्हा नवा तक्रार क्रमांक. त्यानंतर एका पोऱ्याचा फोन आला, "दादा, तेवढा ओटीपी द्या ना, संध्याकाळी येऊन लाइन करून देतो. नाहीतर माझा टीएटी जातो." टीएटी म्हणजे तक्रार मिटवायची ठरलेली वेळ. काम झाल्याची खूण म्हणून गिऱ्हाइकाने द्यायचा तो ओटीपी. तो कामाआधीच मागतात, कारण ठरलेल्या वेळेत तक्रार बंद झाली नाही तर पैसे त्याच्या हिशोबातून कापले जातात. मी दिला नाही. तरी तक्रार बंद झाली, कशी ते देव जाणे.

शेवटी जो माणूस खरोखर आला तो भला होता. त्याने राउटरमागची हिरव्या टोकाची वायर काढून प्रकाश मोजायच्या मीटरला लावली, आकडा उणे ३१, म्हणजे प्रकाश फारच कमी पोचतोय. "काका, पंचविसाच्या आत पाहिजे, तुमचा राउटर तरी काय करणार." मग गच्चीची चावी. ती सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी कल्याणला लग्नाला. संध्याकाळी वर गेलो तेव्हा टाकीमागे एका जुन्या डिशच्या पायाला आमची वायर गुंडाळलेली सापडली. मधला जोड काळ्या चिकटपट्टीत लपेटलेला, आणि ती सोडवली तर आतून पाणी गळलं. कनेक्शन देताना कुणीतरी घाईत दोन कनेक्टर तोंडाला तोंड लावून सोडून दिले होते. त्याने दोन्ही टोकं कापली, पुसली, मशीनमध्ये धरून वितळवून जोडली, वर छोटी डबी बसवली. खाली येऊन मीटर लावला तर उणे १९. एवढ्याशा कामासाठी अर्धा जून गेला.

तक्रारी बंद करण्याची घाई का, हे मला नंतर नियम वाचताना उमगलं. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, सेवा दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४पासून लागू आहेत. त्यांत बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची तरतूद आहे. आता प्रत्येक वेळी जुनी तक्रार बंद करून नवा क्रमांक दिला की कागदावर आमची लाइन कधी तीन दिवस बंदच नव्हती!

म्हणून मी अपील केलं. हे फार जणांना माहीत नसतं. प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावं लागतं, अपील फुकट असतं, तक्रारीची मुदत उलटल्यावर ३० दिवसांत करायचं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, त्यामुळे तिकडे मेल पाठवून उपयोग नाही. मी लाल दिव्याचे फोटो, सगळे तक्रार क्रमांक ओळीने आणि तो मिस्ड कॉलचा स्क्रीनशॉट जोडला. मग मात्र स्थानिक ऑफिसातून फोन आला, चक्क मराठीत, आणि प्लॅनची मुदत आठवडाभराने वाढवून मिळाली. पैशाच्या दृष्टीने दीडशे-पावणेदोनशे रुपये, पण ते सोडायचे नव्हते. तिथेही नाही म्हणाले असते तर ग्राहक आयोगाचा रस्ता होता. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलंय, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

घ्यावं का? घरून काम असेल तर एकट्या या लाइनवर विसंबू नका, मोबाइलचा डेटा हाताशी असू द्या. कनेक्शन देताना गच्चीवर स्वतः जा, जोड वितळवून मारलाय का आणि त्यावर डबी आहे का ते बघा. लाइनमनचा नंबर घेऊन ठेवा, अ‍ॅपपेक्षा तो लवकर लागतो. मी यापुढे सहा महिन्यांचे पैसे एकदम भरणार नाही, महिन्याचा प्लॅन महाग पडला तरी चालेल. स्पीडला पाचपैकी चार, सेवेला एक, आणि तो एकही त्या गच्चीवर आलेल्या मुलाचा.