वालपराई रेनफॉरेस्ट व्हॉलंटियरिंग : काम एक नंबर, एजंट बेकार

बडोद्यातून कोणी वालपराईला व्हॉलंटियर म्हणून जायचा विचार करत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. वालपराई तामिळनाडूत, अनामलाई टायगर रिझर्व्हला लागून असलेलं चहाच्या मळ्यांचं पठार, इंग्रजांच्या काळात जंगल तोडून तिथे चहा-कॉफी लावली आणि मध्ये मध्ये रेनफॉरेस्टचे तुकडे उरले. व्हॉलंटियरचं काम त्या तुकड्यांवर. आमच्या एजंटच्या ब्रोशरवर मात्र 'वाइल्डलाइफ एन्काउंटर' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं आणि खाली माकडाच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजणारी मुलगी. असलं तिथे काही नाही, आणि नाही तेच बरंय. पैसे घेऊन पिल्लू हातात देतात, सेल्फी काढू देतात तो सरळ धंदा आहे, त्याला कंझर्व्हेशन म्हणू नये.

मग करायचं काय, तर मुख्य म्हणजे नर्सरी. रस्त्यावर डांबरावर पडलेल्या बिया गोळा करायच्या, कारण त्या तशाही टायरखाली जाणार, जंगलातल्या जंगलात राहू द्यायच्या. मग काळ्या पिशव्यांत माती भरायची. हे सोपं वाटतं ना? नर्सरीतल्या अक्कांनी मी भरलेली पिशवी घेतली, जमिनीवर दोनदा आपटली, माती दोन बोटं खाली बसली, आणि काही न बोलता परत माझ्या हातात दिली. त्यांना हिंदी येत नाही, मला तमिळ नाही, पण कळलं. रोप फार दिवस पिशवीत राहिलं की मुळं तळाशी गोल गोल फिरतात आणि मग ते जमिनीत नीट धरत नाही, म्हणून पाऊस लागला की लावायची घाई असते. त्याच्या आधी घाणेरी उपटायची, आपल्याकडे कुंपणाकुंपणाला असते तीच, हाताची सालटी निघतात, ग्लोव्हज घरून न्या. जुन्या लागवडीत टेप घेऊन फिरायचं, कुठलं झाड जगलं, किती वाढलं ते वहीत लिहायचं. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण चहाला सावली म्हणून लावलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सिल्व्हर ओकखालून चालत येऊन एकदम त्या जुन्या तुकड्यात शिरलात ना की आपण कशासाठी माती भरतोय ते डोक्यात बसतं.

प्राणी दिसतात, पण त्यांच्या मर्जीने. सिंहपुच्छ वानर, जे जगात फक्त पश्चिम घाटात आहेत, ते इथे रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात म्हणून वरून झाडाला झाड जोडणारे पट्ट्यांचे पूल बांधलेत, आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपचे. एक मादी पिल्लू पोटाला लावून आरामात त्यावरून गेली आणि खाली आम्ही सगळे तोंड वर करून उभे. मोठा धनेश (हॉर्नबिल) आधी ऐकू येतो, पंखांचा आवाज अगदी वाफेच्या इंजिनासारखा. आणि शेकरू! महाराष्ट्राचा राज्यप्राणी आम्हा बडोदेकरांनी पहिल्यांदा बघितला तो तामिळनाडूत, आत्याला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली.

अंधार पडल्यावर बाहेर फिरायचं नाही म्हणजे नाही. हत्ती आसपास असले की तिथल्या लोकांना मोबाइलवर मेसेज जातो, ठराविक ठिकाणी लाल दिवे लागतात, आणि लोक ते खरंच पाळतात.

जळवांबद्दल एजंट एक शब्द बोलला नव्हता. बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी बघत वाढलेली आमची गँग, पण जळू बघून दोघं रडकुंडीला आले. गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स लागतातच, साधे मोजे काही कामाचे नाहीत. जेवण भात, सांबार, रसम, परत भात. मला चाललं, पण शेव-उसळवाल्यांनी लीलो चिवडा सोबत ठेवा.

आता एजंट. पिकअप कोइमतूर स्टेशनवरून ठरला होता, पैसे त्याचेच घेतले, गाडी आली पोल्लाचीला. कोइमतूर ते पोल्लाची सामान घेऊन आमचं आम्ही गेलो. पुढे घाटात 40 हेअरपिन वळणं आहेत, उलटीची गोळी घाटाच्या पायथ्याच्या आळियारच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही.

नर्सरी आणि तिथल्या माणसांना पाचपैकी पाच, एजंटला एक, तोही ट्रेनचं तिकीट नीट काढलं म्हणून. जायचं तर मधला माणूस टाळा आणि थेट प्रोजेक्टवाल्यांना मेल करा, ते आधीच स्पष्ट सांगतात की माती उपसायला लागेल. ज्यांना फक्त फोटो हवेत त्यांनी सफारी बुक करावी, तिथे अक्कांचा वेळ घालवू नये. पिकअपचे पैसे अजून परत आलेले नाहीत, फोन केला की 'उद्या करतो सर'.