पहिली ॲनिमे मालिका कोणती: ब्रदरहुड, मॉन्स्टर, मुशीशी की फ्रीरेन?

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. त्यातली पहिली मालिका चुकली की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. माझ्या ओळखीत तिघाचौघांचं असं झालंय. कुणी 'नारुतो' लावली, आणि तिचे २२० भाग व पुढच्या 'शिप्पुदेन'चे ५०० हे कळल्यावरच धीर सोडला. कुणी मधल्या भरीच्या भागांत अडकलं, जिथे मूळ गोष्ट जागची हलत नाही. 'वन पीस' तर १९९९ पासून चालू आहे आणि अकराशेच्या वर भाग झालेत. या मालिकांवर जीव टाकणारे लोक आहेत, त्यांचं प्रेम खरं आहे. पण 'एकदा बघून ठरवते' म्हणणाऱ्या माणसापुढे एवढा पसारा मांडू नये.

मी लोकांना या चारांतलीच एखादी सांगत आले आहे: 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड', 'मॉन्स्टर', 'मुशीशी' किंवा 'फ्रीरेन'. आधी वेळेचा हिशेब. एक भाग साधारण २४ मिनिटांचा धरला तर मुशीशीचे २६ भाग साडेदहा तासांत होतात, फ्रीरेनच्या पहिल्या हंगामाचे २८ भाग सव्वाअकरा तासांत. ब्रदरहुडच्या ६४ भागांना पंचवीस-सव्वीस तास लागतात, मॉन्स्टरच्या ७४ भागांना जवळजवळ तीस. रोज रात्री जेवण झाल्यावर एक भाग बघणाऱ्या घराला मॉन्स्टर अडीच महिने पुरते.

आता निवड याच चारांची का? चित्रं सुंदर असणं, मारामारी थरारक असणं हे आज शेकडो मालिकांत मिळतं. मी एकच गोष्ट बघते. गोष्टीत एकदा जे घडलं ते घडलेलंच राहतं का? पहिल्या भागात कुणी काही केलं तर त्याचं ओझं शेवटच्या भागापर्यंत कुणाच्या तरी खांद्यावर दिसतं का? मेलेलं पात्र दहा भागांनी हसत परत येणार असेल तर त्याच्यासाठी आलेलं रडू वाया गेल्यासारखं वाटतं. या चौघी आपल्या माणसांना तसं सोडत नाहीत.

ब्रदरहुड २००९-१० मध्ये बोन्स या स्टुडिओने केली, हिरोमू अराकावा यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून. एडवर्ड आणि अल्फोन्स हे दोन लहान भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात. किमयेचा नियम असा की काही मिळवायचं तर तितक्याच मोलाचं काही द्यावं लागतं. आई येत नाही. एडचा पाय जातो, अलचं सगळं शरीर जातं, आणि भावाचा जीव निदान एका चिलखताला बांधून ठेवता यावा म्हणून एड आपला हातही देतो. अल तेव्हापासून त्या रिकाम्या चिलखतात आहे. त्याला भूक नाही, झोप नाही. शरीर परत मिळालं की काय काय खायचं याची तो यादी करून ठेवतो. एड स्वतःजवळ एक चांदीचं खिशातलं घड्याळ बाळगतो, कुणाला उघडू देत नाही. आत झाकणावर त्याने घर जाळलं त्या दिवसाची तारीख कोरली आहे, आणि वर लिहिलंय, विसरू नकोस. परतीची वाट राहू नये म्हणून या मुलांनी स्वतःच्या हाताने घर पेटवलेलं असतं.

मॉन्स्टर नेमकी उलट बाजूने येते. ब्रदरहुडमध्ये मुलांनी चूक केली आणि तिची किंमत मोजली. मॉन्स्टरमध्ये डॉक्टर केन्झो तेन्मा बरोबर वागतो आणि त्याची किंमत मोजतो. १९८६ साल, जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद, हाताला यश असलेला. एकदा वरिष्ठांच्या सांगण्यावरून तो आधी आलेल्या तुर्की कामगाराला सोडून एका प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया करतो. कामगार जातो. त्याची बायको दवाखान्यात तेन्माला गाठते आणि माझा नवरा परत दे म्हणते. पुढच्या वेळी डोक्यात गोळी लागलेला लहान मुलगा आणि शहराचा महापौर एकाच रात्री येतात, तेव्हा तेन्मा आदेश झुगारून आधी आलेल्या मुलाला वाचवतो. नऊ वर्षांनी तो मुलगा, योहान, त्याच्यासमोर उभा राहतो. खुनी म्हणून.

माझी आत्या तीस वर्षं परिचारिका होती. तिला मी ही मालिका लावून दिली. त्या तुर्की बाईच्या प्रसंगाला तिने रिमोट घेऊन चित्र थांबवलं आणि म्हणाली, "हिला मी ओळखते गं." नंतर बराच वेळ काही बोलली नाही. 'कार्टून' हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडी मी ऐकलेला नाही. पुढे दोन-अडीच महिने रोज रात्री तिचा फोन यायचा, आज काय झालं हे सांगायला.

नाओकी उरासावा यांच्या मांगावरून मॅडहाउसने २००४-०५ मध्ये केलेल्या या मालिकेत जादू नाही, राक्षस नाहीत, शाळकरी मुलं नाहीत. एकत्र होऊन काहीच वर्षं झालेली जर्मनी आहे, पूर्व बर्लिनमधलं एक अनाथालय आहे, पुढे प्राग आहे. रुंगे नावाचा पोलीस अधिकारी आहे, जो समोरच्याशी बोलताना हवेत टंकलेखन केल्यासारखी बोटं हलवतो आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य तसंच डोक्यात साठवतो. रहस्यकथा वाचत मोठं झालेल्या मराठी वाचकाला ही मालिका सगळ्यांत लवकर आपली वाटेल. पहिले चार भाग एका दमात बघा. चौथा संपल्यावर पुढे जावंसं वाटलं नाही, तर तिचा नाद सोडा.

अडचणही सांगते. मॉन्स्टर संथ आहे. मधल्या भागांत तेन्मा बाजूला राहतो आणि कुठल्या तरी गावातल्या अनोळखी माणसाची आख्खी गोष्ट सुरू होते. मला ते भाग आवडतात, कारण योहानने बिघडवलेलं आणि तेन्माने सावरलेलं जग तिथेच दिसतं. पण सलग उत्कंठा हवी असणाऱ्याचा तिथे जीव कंटाळतो. ब्रदरहुडची अडचण सुरुवातीलाच येते. २००३ मध्ये याच कथेवर ५१ भागांची वेगळी मालिका येऊन गेली होती. मांगा तेव्हा अपुरा असल्यामुळे तिने वेगळा शेवट केला. ब्रदरहुडने मग आधी दाखवून झालेला भाग भराभर उरकला. त्यात तिचा पहिला भाग मूळ मांगात नाहीच. पात्रांची गर्दी, सगळं घाईत. खरी गोष्ट दुसऱ्या भागात सुरू होते, म्हणून पहिल्या भागावरून मत बनवू नका. गंभीर प्रसंगात मध्येच चेहरे विनोदी होतात, एडच्या बुटकेपणावरून आरडाओरडा होतो, हेही नव्या माणसाला खटकतं. दहाव्या भागापर्यंत कळ काढा. त्यात एका अधिकाऱ्याचा दफनविधी आहे. शवपेटीवर माती पडू लागते आणि त्याची चिमुरडी मुलगी आईला विचारते, बाबांना का पुरताहेत, त्यांना तर खूप काम आहे म्हणाले होते. नंतर कबरीपाशी त्याचा मित्र कर्नल मस्टँग टोपी खाली ओढून म्हणतो की पाऊस पडतोय. आभाळ निरभ्र असतं.

ब्रदरहुडबद्दल अजून एक सांगितलंच पाहिजे. ज्या सैनिकांवर आपण जीव लावतो, त्यांनीच इश्वाल नावाच्या प्रदेशात तिथल्या लोकांची कत्तल केलेली असते, हुकूम पाळून. मालिका त्यांना माफ करत नाही आणि त्यांचा तिरस्कारही करायला लावत नाही. अराकावा होक्काइदोच्या दुग्धशाळेवर वाढलेल्या, आणि हा भाग लिहिण्याआधी त्या दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या माणसांशी बोलल्या होत्या. ते बोलणं या भागांत उतरलंय असं मला प्रत्येक वेळी वाटतं. राज्य, सैन्य, सूड आणि प्रायश्चित्त यांवर वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना सकस काही दाखवायचं असेल, तर मी आजही हीच सांगते.

फ्रीरेन २०२३-२४ ची, मॅडहाउसचीच. इथे चूकही नाही आणि धाडसही नाही, करायचं राहून गेलेलं आहे. फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली. हिम्मेल, हायटर आणि आयझेन यांच्यासोबत दहा वर्षं प्रवास करून त्यांनी राक्षसराजाला मारलं. गोष्ट सुरू होते ती हे सगळं संपवून चौघं परत येतात तिथून. रात्री ते उल्कावर्षाव बघतात, पुढचा पन्नास वर्षांनी आहे, तेव्हा भेटू म्हणून फ्रीरेन निघून जाते. तिच्यासाठी पन्नास वर्षं म्हणजे थोडा वेळ. परत येते तेव्हा हिम्मेल म्हातारा झालेला, आणि थोड्याच दिवसांत तो जातो. दफनाच्या वेळी ती रडते, की माणसाचं आयुष्य छोटं असतं हे माहीत होतं, तरी मी याला जाणून का घेतलं नाही. यानंतर पडद्यावर येणारी कालगणना बघा. 'वीर हिम्मेलच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी', अशी. सगळ्या मालिकेचं पंचांग एका माणसाच्या जाण्यापासून मोजलं जातं.

एका गावात हिम्मेलच्या पुतळ्याभोवती लावायला त्याच्या गावचं निळं फूल हवं म्हणून फ्रीरेन सहा महिने शोधत राहते. सोबत असलेली तिची शिष्या फर्न कंटाळते, कारण तिच्या आयुष्यात सहा महिने म्हणजे सहा महिने. चौदाव्या भागात एक अंगठी आहे. फ्रीरेनने कधीतरी सहज निवडलेली, हिम्मेलने गुडघ्यावर बसून तिच्या बोटात घातलेली. तिच्यावरच्या फुलाचा अर्थ त्याला ठाऊक होता, तिला नव्हता. तो भाग मी दोनदा सलग बघितला.

पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, आईवडील किंवा जुना मित्र गमावलेल्या माणसाने ॲनिमेची सुरुवात फ्रीरेनने करावी, असं मला ठामपणे वाटतं. दहा वर्षांपूर्वी मी सगळ्यांना ब्रदरहुड सांगत असे. फ्रीरेनचे पहिले चार भाग जपानमध्ये एका रात्री सलग दाखवले होते, तुम्हीही एखाद्या रविवारी सिनेमासारखे बघा. अठराव्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते आणि हंगाम संपेपर्यंत चालते. तिथे पात्रं वाढतात, लढाया वाढतात, आणि सुरुवातीची ती शांत चाल कमी होते. मला तो भाग थोडा लांबलेला वाटतो. शिवाय पूर्ण गोष्ट अजून व्हायची आहे. ज्यांना शेवट हातात आल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी ब्रदरहुड किंवा मॉन्स्टर घ्यावी.

घरातल्या लहान मुलांसोबत यातली कुठलीही लावायची असेल, तर आधी स्वतः बघा. डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत बघून आपल्या घरांत ॲनिमे म्हणजे मुलांचं असं पक्कं बसलंय. ब्रदरहुडचा चौथा भाग एका लहान मुलीचा आणि तिच्या कुत्र्याचा आहे, आणि तो मोठ्यांनाही झोपू देत नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला मी तो दाखवणार नाही. मॉन्स्टर तर त्याहून उशिरा.

आवाज शक्यतो मूळ जपानीच ठेवा, खाली सबटायटल्स. ब्रदरहुडमध्ये अलच्या एवढ्या धिप्पाड चिलखतातून रिए कुगिमिया यांनी दिलेला कोवळ्या पोराचा आवाज येतो, तेव्हा आत कोण अडकलंय हे दर वेळी नव्याने आठवतं.

राहिली मुशीशी. ही मी पहिली म्हणून क्वचितच सांगते, आणि माझी सगळ्यांत लाडकी हीच आहे. युकी उरुशिबारा यांचा मांगा, हिरोशी नागाहामा यांचं दिग्दर्शन, २००५-०६. प्रत्येक भाग स्वतंत्र. पांढऱ्या केसांचा, एका डोळ्याचा गिंको पाठीवर लाकडी पेटी घेऊन डोंगरातल्या गावांतून फिरतो. 'मुशी' म्हणजे प्राणी नाही, वनस्पती नाही, जीवनाच्या अगदी मुळाजवळचं काहीतरी. त्याच्यामुळे माणसाला काही होतं, कुणाची दृष्टी जाते, कुणाचं स्वप्न खरं होतं. कुणाचाच दोष नसतो, आणि तरी किंमत चुकत नाही. गिंको जमेल तेवढं करतो आणि पुढच्या गावाला निघतो. आजीकडून गोष्टी ऐकलेल्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

ही सलग बघायची नाही. दिवे मालवून, कानात इयरफोन घालून, रात्रीला एकच भाग. पुढे काय होणार या ओढीने बघणाऱ्याला इथे झोप येईल. पण सुरुवात करायची तर थेट तिसऱ्या भागाने केली तरी चालतं. बर्फातलं गाव, जिथे रात्री सगळे आवाज नाहीसे होतात आणि लोकांना एका कानाने ऐकू येईनासं होतं. गावच्या मुखियाच्या नातवाला मात्र कपाळावर शिंगं फुटलीत आणि नको नको ते आवाज सतत ऐकू येतात. त्याची आई त्याच दुखण्याने गेलेली. उपाय गिंकोला सापडतो तो आईच्या एका साध्या कृतीत. भाग संपला की इयरफोन काढा, दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबा, आणि आतून जो खोल घुमणारा आवाज येतो तो थोडा वेळ ऐका.