फॅमिली लिंक, आठ महिन्यांनंतर: लेकीचा फोन सांभाळला, आबांचा राहून गेला

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा चौथीतल्या लेकीला ह्यांचा जुना ॲन्ड्रॉइड फोन दिला. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, ह्यांची शिफ्ट, आणि शाळेतून आल्यावर दोन-अडीच तास दोन्ही मुलं शेजारच्या काकूंच्या भरवशावर. घरी फोन असणं भागच होतं. त्याच रात्री त्यावर गुगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवता येतं ते ॲप, बसवलं. आता फेब्रुवारी संपत आला, म्हणून नीट लिहावंसं वाटलं.

ॲप फुकट आहे. मुलाचं वेगळं खातं काढायचं आणि ते आपल्या खात्याला जोडायचं. इथे एक कळकळीची विनंती: जन्मतारीख खरी टाका. लवकर काम उरकावं म्हणून बरेच पालक वय वाढवून खातं काढतात. मग गुगलच्या लेखी ते मूल मोठं माणूसच होतं आणि लहानांसाठीची बंधनं आपोआप लागत नाहीत.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो परवानगीचा. लेकीने प्ले स्टोअरमधून काही घ्यायचं म्हटलं की माझ्या फोनवर विनंती येते. दुपारी साडेतीनला मी व्हाउचर तपासत असते आणि टुणकन आवाज येतो. सुरुवातीला ३+ असं रेटिंग दिसलं की मी बिनधास्त ‘हो’ म्हणायचे. मग एकदा रंग भरायच्या एका साध्या गेममध्ये मध्येच पैसे लावायच्या ॲपची जाहिरात लागलेली मी डोळ्यांनी पाहिली. रेटिंग गेमचं असतं, मध्ये येणारी प्रत्येक जाहिरात त्यात धरलेली असेलच असं नाही. तेव्हापासून कुठलाही गेम आधी माझ्या फोनवर दहा मिनिटं खेळते, मगच होकार देते. विनंती रात्रीपर्यंत थांबली तर थांबते.

वेळेचं बंधन रोज एक तास आणि रात्री नऊनंतर बंद. वेळ संपली की फोनला कुलूप लागतं, पण आलेला कॉल उचलता येतो. कामावर असणाऱ्या आईसाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि मी ती दोनदा करून पाहिली. एखाद्या दिवशी जास्त वेळ द्यायचा तर ऑफिसात बसूनही देता येतो.

क्रोममध्ये अश्लील साइट अडवायचा पर्याय आहे, शोधताना सेफसर्च (अश्लील निकाल गाळणारी सोय) चालू राहतं, आणि मुलांच्या अशा खात्यावर इनकॉग्निटो, म्हणजे काय पाहिलं त्याची नोंद न ठेवणारी खिडकी, उघडत नाही. व्हिडिओसाठी यूट्यूब किड्स ठेवलं. लेकीला ९ ते १२ वर्षांचा गट, आणि सहा वर्षांच्या धाकट्याला फक्त आम्ही निवडून दिलेलंच दिसेल असा पर्याय. त्यात शोधायची सोयच बंद होते. वर, फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं (ॲन्ड्रॉइड ९ पासून), तिथे क्लाउडफ्लेअर कंपनीचा कुटुंबांसाठीचा डीएनएस (म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा, जी अश्लील साइट अडवते) टाकला. घरच्या वायफायच्या राउटरवरही तोच, तिथे पत्ता १.१.१.३. फोनमध्ये टाकल्यामुळे तो मोबाइल डेटावरही चालतो, नुसता राउटरवर टाकून ते होत नाही. मात्र डीएनएस अख्खी साइट अडवतो. चालू असलेल्या ॲपमधला एखादा वाईट व्हिडिओ त्याला कळत नाही.

आणि नेमकं तिथेच आम्ही चुकलो.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं दिंडोरी तालुक्यात आजी-आबांकडे होती. द्राक्षाची गोडी छाटणी झालेली, बागेला फुटवे आलेले, वर ढगाळ हवा, त्यामुळे सगळे डावणी रोगाच्या फवारणीत. मुलं दुपारभर ओट्यावर आबांच्या फोनसोबत. आबांच्या फोनला कुलूप नाही, काही नाही. एका व्हिडिओ ॲपवर ते कीर्तन ऐकतात. धाकट्याने त्यावर कार्टून लावलं, आणि एकामागून एक आपोआप लागत गेलेल्या व्हिडिओंत ओळखीच्या कार्टूनचे चेहरे वापरून केलेलं भलतंच काहीतरी लागलं. मारझोड होती, आणि त्याहून घाण होतं. दोघांनी पाहिलं.

मला हे त्या दिवशी कळलं नाही. नाशिकला परत आल्यावर लेक रात्री दिवा चालू ठेव म्हणायला लागली. तिसऱ्या रात्री माझा हात धरून तिने सांगितलं. मी विचारलं, ‘अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?’ तर म्हणाली, ‘तू फोन काढून घेतला असतास ना.’

हे ऐकून मला फार लागलं. जूनमध्ये मी तिच्याशी काहीही न बोलता ती झोपल्यावर ॲप बसवलं होतं. सकाळी फोनला कुलूप दिसलं तेव्हा ‘जास्त विचारू नकोस’ एवढंच म्हणाले होते. तिच्या मनात ते शिक्षा म्हणूनच बसलं होतं. त्या रात्री मी तिला शब्द दिला की असं काही दिसलं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोन जाणार नाही आणि कोणी ओरडणार नाही. दुसऱ्या दिवशी तिला शेजारी बसवून फॅमिली लिंक उघडून दाखवलं. मला काय दिसतं, तर कुठलं ॲप किती वेळ वापरलं ते. काय दिसत नाही, तर कोणाशी काय बोललीस ते. एक तासाचं बंधन शनिवार-रविवारी दीड तास करायचं हे तिनेच मागितलं, मी दिलं. त्यानंतर दोनदा ती आपणहून आली आहे. एकदा जाहिरात दाखवायला, एकदा शाळेतल्या मैत्रिणीने दाखवलेल्या व्हिडिओबद्दल.

आबांच्या फोनवरही मग बसले. आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद केलं, डीएनएस टाकला. व्हॉट्सॲपवर त्यांचे गावचे पाच-सहा ग्रुप, त्यातलं सगळं थेट गॅलरीत उतरत होतं. ते आपोआप उतरणं आणि गॅलरीत दिसणं, दोन्ही बंद केलं. मुलांना द्यायचाच झाला तर एकच ॲप उघडून ते ‘पिन’ करून, म्हणजे स्क्रीनवर तेवढंच अडकवून, द्यायचा. त्यातून बाहेर पडताना पासवर्ड मागायचा पर्याय चालू ठेवायचा.

एक गोष्ट जवळ असू द्या. कोणी अनोळखी माणूस मुलाला घाणेरडं पाठवत असेल किंवा फोटो मागत असेल, तर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करता येते.

बाकी, पिन केलेल्या ॲपमधून बाहेर पडायला पासवर्ड लागावा म्हणून आबांच्या फोनला आधी कुलूप हवं होतं. छाटणी करून करून त्यांच्या बोटांचे ठसे इतके झिजलेत की सेन्सर ते धरतच नाही. पॅटर्न ठेवला तर धाकट्याने दोन दिवसांत बोट बघून पाठ केला. शेवटी आबांनी चार आकडी पिन स्वतःच ठरवला, पहिली बाग लावली ते साल. संक्रांतीला मुलं पुन्हा तिकडे होती. फोन हवा असला की दोघं बांधावरून हाक मारतात, आबा येतात, पिन टाकतात आणि कार्टून संपेपर्यंत शेजारी बसतात.