चित्रकार्डं, मोबाइलचे फोटो की व्हिडिओ? प्रौढांच्या वर्गासाठी काय निवडावं

समजा पुण्यात, येरवड्यात किंवा जनता वसाहतीत घरकाम आणि हाउसकीपिंग करणाऱ्या बायकांचा वर्ग सुरू करायचाय. विषय सॉफ्ट स्किल्सचा, म्हणजे रजा मागणं, पगाराची गोष्ट काढणं, नाही म्हणणं, आवाज न चढवता तक्रार मांडणं. बऱ्याच जणींना वाचता येत नाही, त्यामुळे भर चित्रांवर राहणार हे ठरलेलंच. ठरवायचं एवढंच, की चित्र कुणाचं? तुम्ही आणलेलं, त्यांनी मोबाइलवर काढलेलं, की त्यांचाच व्हिडिओ? माझं मत आधीच सांगते : सुरुवात कार्डांनी करा, फोटो ओळख झाल्यावर घ्या, आणि व्हिडिओवाचून बहुतेक वर्गांचं काही अडत नाही.

कार्डावरची बाई तिऱ्हाईत असते, हाच तिचा मोठा उपयोग. घरात मार खाणारी, बचतगटाचे हप्ते थकलेली किंवा तुरुंगातून नुकतीच सुटलेली बाई चारचौघींत स्वतःबद्दल बोलणार नाही, आणि तिनं बोलावं असा आग्रह धरूही नये. पण दारात उभी असलेली एक कामवाली आणि आत सोफ्यावर बसलेल्या वहिनी, एवढं चित्र मधे ठेवा. एक म्हणते, हिनं पदर आवळून धरलाय, घाबरलीय. दुसरी म्हणते, घाबरली कुठली, बस चुकेल म्हणून घाईत आहे. इथे शिकवणं सुरू झालेलं असतं : एकाच चेहऱ्यावरून दोघींनी दोन गोष्टी वाचल्या. मग विचारायचं, हिला उद्या सुट्टी हवीय, काय बोलेल? ‘वहिनी, उद्या नाही येणार’ इथून गाडी ‘वहिनी, उद्या सासूबाईंना ससूनला न्यायचंय, सकाळी लवकर येऊन भांडी उरकून जाते’ इथपर्यंत येते, आणि वाक्य त्यांचंच असतं.

हा मार्ग जुना आहे. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली ब्राझीलच्या आंजिकोस गावी मजुरांना शिकवताना त्यांच्याच जगण्यातली चित्रं समोर ठेवली. आधी त्यांवर बोलणं, मग अक्षरं. आपल्याकडच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमातही अक्षरओळखीसोबत जीवनकौशल्यं आहेत, तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांनाही हीच कार्डं चालतील.

मात्र इंटरनेटवरून उतरवलेली, टाय घातलेल्या माणसांची कार्डं घेऊ नका. युनिसेफनं १९७६ मध्ये नेपाळच्या खेड्यांत केलेल्या पाहणीत दिसलं होतं, की चित्रातून काय सांगायचंय ते बघणाऱ्याला आपोआप कळतंच असं नाही, आणि चित्रांची मालिका सगळे डावीकडून उजवीकडे बघतातच असंही नाही. बाण, विचारांचे ढग, फुल्या ही शाळेत शिकलेली भाषा आहे. ती टाळा. एका कार्डावर एकच प्रसंग पुरे. अभिनव कला महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी बारा कार्डं काढून देईल. लॅमिनेशन चकचकीत नको, ट्यूबलाइटखाली अर्धं चित्र दिसत नाही. आणि एखाद्या मावशींना ‘चित्र कळत नाही’ असं ठरवण्याआधी त्यांना जवळचं दिसतं का ते विचारा. चाळिशीचा चष्मा लागलेला असतो, केलेला नसतो.

फोटोंची ताकद वेगळी. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या संशोधकांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नानमधल्या खेड्यांतल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले, ती पद्धत पुढे ‘फोटोव्हॉइस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कामावरची बदलायला हवी अशी एक गोष्ट टिपून आणा म्हटलं, की कुणी सोसायटीतल्या ‘कामवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये’ या पाटीचा फोटो आणते. आता ‘सेक्रेटरींना काय सांगशील?’ हा प्रश्न खोटा उरत नाही. तक्रार मांडायला शिकवण्यात कार्ड याच्या जवळपासही येत नाही.

धोकाही इथेच आहे. बाईचा मोबाइल बऱ्याचदा एकटीचा नसतो, नवरा किंवा मुलगा गॅलरी उघडतो. मालकांच्या घरातला एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरला तर काम जातं. म्हणून नियम साधे ठेवा : चेहरे नकोत, कुणाच्या घराच्या आतलं नको, वस्तू, हात, पाट्या, जिने चालतील. फोटो गटावर मागवू नका, तिच्याच मोबाइलवर बघा. सुरुवातीला संमती म्हणून घेतलेल्या सहीवर किंवा अंगठ्यावर विसंबू नका. दाखवण्याआधी दरवेळी विचारा, आणि ती नको म्हणाली तर कारण विचारू नका. नाही म्हणायला तुम्हीच शिकवताय ना!

व्हिडिओबद्दल थोडक्यात. मॉलमध्ये किंवा कॉल सेंटरला मुलाखत द्यायला निघालेल्या विशीतल्या मुलामुलींना स्वतःचं बसणं-बोलणं बघून फायदा होतो. बघून झालं की त्यांच्यासमोरच डिलीट करा. वयानं मोठ्या बायकांत मात्र चर्चा साडी, दात आणि आवाजावर घसरते. शिवाय वेळ कुठे आहे? फुले दाम्पत्यानं १८५५ मध्ये याच शहरात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, कारण दिवसा त्यांना सवड नव्हती. घरकामवाल्यांची सवड दुपारी दोन ते चार, सकाळची आणि संध्याकाळची कामं यांच्या मधली. त्यातला अर्धा तास ट्रायपॉड लावण्यात गेला, तर तेवढ्यात दोन कार्डं झाली असती.

पैसे थोडेच असतील तर कार्डांवर घाला. फोटोंना वेगळा खर्च नाही, पण त्यांसाठी एकमेकींचं ऐकून पोटात ठेवणारा गट लागतो. तो जमलाय का, याची खूण सोपी : वर्गात झालेलं बोलणं दुसऱ्या दिवशी नळावर ऐकू येत असेल, तर अजून महिनाभर कार्डांवरच राहा.