स्विफ्टला 15 इंची अलॉय आणि लोअरिंग स्प्रिंग: बडोद्यात पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: अलॉय (हलक्या मिश्रधातूचे रिम) डोळे झाकून घ्या, लोअरिंग (स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवणं) मात्र घराच्या वाटेवरचे स्पीडब्रेकर मोजून मगच.

गाडी मागच्या पिढीची स्विफ्ट, स्टील रिमवर 165/80 आर14 टायर. दुकानदार 17 इंचांचाच हेका धरून बसला होता. मी 15 इंची घेतले, टायर 185/65. वरच्या व्हेरियंटला कंपनी हाच साइज देते. टायरचा एकूण व्यास आधी 620 मिमीच्या आसपास होता, आता 621. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. शिवाय रबराची भिंत जाड राहते. 17 इंचांत ती पापडासारखी होते, आणि मग खड्ड्याचा मार थेट रिमवर.

डिझाइन बघण्याआधी पीसीडी 4x100 आहे ना, म्हणजे चार नटांची भोकं 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत ना, ते बघा. ते सगळेच विचारतात. सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधल्या भोकाचं माप, मात्र कोणी विचारत नाही. चाक ज्यावर बसतं त्या स्विफ्टच्या हबचं माप 54.1 मिमी, आणि बाहेरच्या अलॉयचं भोक बहुतेकदा त्याहून मोठं असतं, कारण तोच रिम दहा गाड्यांना विकायचा असतो. मधली फट भरायला रिंगा मिळतात. माझ्या प्लास्टिकच्या आहेत, हबवर टचकन बसतात. त्या नसल्या तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी येतं, जरा इकडेतिकडे झालं की हायवेला स्टिअरिंग थरथरतं आणि बिचाऱ्या बॅलन्सिंगवाल्याला शिव्या बसतात. ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) कंपनीच्या जवळपासचा ठेवा. चाक बॉडीबाहेर आलं की दिसतं झकास, पण चिखल सगळा दरवाज्यावर.

आता स्प्रिंगा. 30 मिमी खाली बसवणाऱ्या घेतल्या. कंपनीच्या स्प्रिंगा कापून देणारेही भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका: कापलेली स्प्रिंग गाडी उचलली की जागेवरून सुटू शकते. अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर लेन बदलताना गाडी आता डोलत नाही, ब्रेक मारल्यावर नाक कमी खुपसते. हे सुख खरंच आहे. पण गाडीच्या पोटाचा जमिनीपासूनचा मूळ क्लिअरन्स 163 मिमी, त्यातले 30 गेले, उरले 133. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा हंप, म्हणजे स्पीडब्रेकर, 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. तसा असेल तर चौघं बसूनही गाडी आरामात जाते. सोसायट्यांनी आपल्या हौसेने घातलेला टोकदार बम्प ही वेगळीच जात. मांजलपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक आहे, तिथे आई मागे बसली असेल तर मी तिरकी चढवतो. तरी ती म्हणतेच, “पैसे देऊन गाडी खाली बसवलीस होय रे!”

मांडवी, रावपुऱ्यात वेगच नसतो, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) पाणी भरलं की मी आता सरळ दुसरी वाट धरतो. 2024च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीच्या पुराने शहराची काय गत केली ते पाहिलेला माणूस गाडी 30 मिमीपेक्षा जास्त खाली बसवणार नाही.

गाडी खाली बसली की चाकांचे कोन बदलतात, तेव्हा स्प्रिंगा बसवल्यावर अलाइनमेंट करायचीच. थोडे दिवस चालवून, स्प्रिंगा दबून स्थिरावल्या की पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी अलाइनमेंटवाल्याने पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “साहेब, अंदरथी खाय छे.” (आतून झिजतोय.) बाहेरून टायर नवा कोरा, आत करवतीसारखे दाते. टो आउट झाला होता, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं जराशी बाहेर वळली होती. सुधारल्यावर झीज सारखी आहे, पण दर वेळी हवा भरताना आत हात घालून बघतो. शॉकअप अजून कंपनीचेच आहेत. दांड्याचा प्रवास कमी झाल्याने ते लवकर जातील हे धरूनच चाललोय.

विमा कंपनीला दोन्ही बदल बसवण्याआधीच ईमेलने कळवले होते. क्लेमच्या वेळी वाद नको.

जुन्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत, विकल्या नाहीत. एक स्टील रिम स्पेअर म्हणून डिकीत. व्यास जवळपास सारखाच असल्याने पंक्चरच्या वेळी चालतो. फक्त अलॉयसोबत वेगळे नट आले असतील तर जुने चार नट त्याच रिमला पिशवीत बांधून ठेवा.